गोळी बघणारं बोट

निपाणीच्या बाजारात निंगव्वा मला ओळखते
ती या बोटावरून.
उजवी तर्जनी, टोकाला गुळगुळीत.
चाळीस हंगाम उकळत्या पाकात बुडून
हिच्यावरच्या रेषा केव्हाच विरघळल्या.
रेशनच्या दुकानातलं यंत्रसुद्धा
हे बोट माझं म्हणून मानत नाही.

आज ते काकडीवर टेकलं तशी ती हसली.
"सक्करी बंदैतेन्री, गुळव्या?"
हौदु, म्हटलं, आली.
जन्मभर दुसऱ्यांच्या दारी ढेपा धाडल्या,
एक माझ्या नावची राहिली होती.

संकेश्वरच्या डॉक्टर हुद्दारांनी कागदावर लिहून दिलंय:
द्राक्षं नकोत, चिकू नको, आंब्याचं नाव काढू नका.
रस प्यायचाच तर हिरवा, तोही पेलाभर, न गाळता.
उसाचं त्यांनी लिहिलंच नाही.
समोर बसलेल्या माणसाचा मान राखला असेल.

तर आता मी निवडतो.
गोड कुठं दडतं ते मला कुणी शिकवू नये,
नदीकाठचा ऊस आणि माळावरचा ऊस
चरकात शिरताना आवाजावरून सांगायचो.
तेच शहाणपण आता उलटं करून झटकायचं,
रिकाम्या पोत्यासारखं.
गाजर एकच दे, निंगव्वा, बारकं.
बीट राहू दे, ते रक्ताचा रंग दाखवतं
आणि आत साखर लपवतं.
हिरवं सफरचंद अर्धंच कामाला येणार,
तेही नातीच्या हट्टापायी.
पालक घाल. कोथिंबीर, आलं, चार आवळे, लिंबू.
आणि हागलकायी, लहान, काटे टोचणारी.
भाव पाडत नाही ती.
म्हणते, कडूला गिऱ्हाईक वाढलंय अलीकडं.

घरी दुधी मात्र आधी चाखतो.
कारलं कडू, तो त्याचा स्वभाव.
दुधी कडू निघाला तर तो दगा.
पहिली चकती जिभेच्या टोकावर ठेवायची,
जरा कडवट लागली की थुंकायची
आणि अख्खा दुधी उकिरड्यावर.
म्हशीलासुद्धा घालायचा नाही.

मग काकडी. टोक कापून त्याच टोकानं घासली
तर पांढरा फेस आला
आणि हात तिथंच थांबला.

अशीच मळी यायची काहिलीवर, पहाटे.
रानभेंडीचा चिकट रस शिंपडला
की सगळा गाळ वर, कडेकडेला,
मी झाऱ्यानं उचलून टाकत राहायचो
आणि चुलवाणाच्या उबेला पोरं उभी असायची
काकवीसाठी वाट्या धरून.
त्यात परकरातली एक निंगी होती म्हणे.
तिला मी आठवतो.
मला तिची वाटी आठवते फक्त,
जर्मनची, एका बाजूनं चेपलेली.
तिथं आता टायरचं दुकान आहे.

मिक्सर थांबला.
"अप्पा, गाळू नका हं," ईश्वरी सांगते
आणि स्वतः नाक मुरडून अंगणात पळते.
पेल्यात शेवाळाचा रंग, वर बुडबुडे.
मी तो उंचावरून दुसऱ्या पेल्यात ओततो,
पुन्हा पहिल्यात.
तार धरत नाही.
वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकला
तर पसरला, निघून गेला,
बोटाखाली गोळी म्हणून काही सापडेना.

"झालं का?" आतून इंदू विचारते.
अजून जरा, मी म्हणतो,
आच कमी पडतीय.

गॅस तर पेटवलेलाच नाही.